तापलेल्या बिडाचा बाक

पेट्रोल इंजिनात जळून झालेला वायू सिलिंडर हेडच्या एका बाजूने बाहेर पडतो. चार सिलिंडरच्या इंजिनात त्याची चार तोंडे असतात. या तोंडांवर बसवलेला आणि चारही वाटा एकत्र आणणारा जाड ओतीव तुकडा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. साध्या गाडीत धूर सायलेन्सरच्या नळीपर्यंत पोचवला की त्याचे काम संपते. टर्बो गाडीत मात्र त्याच्याच अंगावर टर्बोचार्जर लटकलेला असतो. इंजिनावर भार असताना पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. तो टर्बोच्या चाकावर आदळेपर्यंत त्याचा दाब आणि उष्णता या बिडाच्या तुकड्याला सोसावी लागते. वीस-तीस वर्षे असे सोसल्यावर तो वाकतो. जुन्या टर्बो गाड्यांत हे इतके नेहमीचे आहे की मॅनिफोल्ड कधीच न उतरवलेली गाडी विरळा.

स्वीडनची साब ९०० टर्बो हे याचे चांगले उदाहरण. टर्बो लावलेल्या प्रवासी गाड्या १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर यांच्या रूपाने आल्या, १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली, पण रोज ऑफिसला आणि बाजाराला नेता येईल अशी टर्बो गाडी घडवण्याचे श्रेय साबकडे जाते. १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात साबने ९९ टर्बो मांडली आणि पुढच्याच वर्षी ९०० आणली. तिचे इंजिन १९८५ सीसीचे, ४५ अंशांत कललेले आणि उलट्या तोंडाने बसवलेले असते. क्लच पुढे, रेडिएटरच्या बाजूला. टायमिंगची साखळी मागे, प्रवाशांच्या बाजूला. १९८४ पासून त्याला सोळा व्हॉल्व्हचे हेड आणि इंटरकूलर मिळाले आणि ताकद १७५ अश्वशक्तीपर्यंत गेली. हेड ॲल्युमिनियमचे, मॅनिफोल्ड बिडाचा. दुखण्याचे मूळ या जोडीत आहे.

बीड आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखे वाढत नाहीत. एक मीटर लांबीचे बीड एका अंशाने तापले तर मिलिमीटरच्या सुमारे अकरा हजारांशाने वाढते; ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. यावरून हेडच जास्त वाढत असेल असे वाटेल, पण हेडमधून पाणी फिरत असते. त्यामुळे हेड गार इंजिनाच्या मानाने जेमतेम शंभर अंशांनी तापते. मॅनिफोल्डला असे पाणी नाही. ४५ सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड सरासरी ६०० अंशांनी तापला तर तो जवळजवळ ३ मिलिमीटर लांब व्हायला बघतो. तेवढ्याच लांबीचे हेड वाढते १ मिलिमीटर. मध्यभाग जागेवर धरला तर प्रत्येक टोक हेडवरून सुमारे १ मिलिमीटर सरकायला हवे. मॅनिफोल्ड हेडवर धरून ठेवणाऱ्या, आटे असलेल्या ८ मिलिमीटरच्या स्टडसाठी ९ मिलिमीटरचे भोक असेल, तर स्टडच्या प्रत्येक बाजूला अर्धाच मिलिमीटर जागा उरते. म्हणजे टोकाचा स्टड भोकाच्या कडेला टेकतो, आणि त्यापुढची वाढ रोखली जाते.

तापून लाल झालेल्या बिडाला फार बळ नसते. वाढायला जागा नाही मिळाली की ते स्वतःतच दबते, आणि हे दबणे कायमचे असते. इंजिन गार झाले की दबलेला मॅनिफोल्ड मूळ लांबीपेक्षा थोडा आखूड होतो. तापल्यावर वाढणारी वस्तू शेवटी आखूड होते, हे ऐकायला उलटे वाटते. पण जुना मॅनिफोल्ड त्याच्या आणि हेडच्या मध्ये बसणाऱ्या नव्या गॅस्केटवर ठेवून पाहिला की टोकांची भोके आत सरकलेली स्पष्ट दिसतात. आखडणारा मॅनिफोल्ड टोकाच्या स्टडना आतल्या बाजूला ओढतो. प्रत्येक तापण्या-निवण्याला स्टड जरा इकडे, जरा तिकडे वाकतो आणि एके दिवशी हेडच्या तोंडाशी तुटतो.

बाक येण्याचे कारण थोडे वेगळे. हेडला चिकटलेली बाजू त्यातल्या त्यात गार राहते, बाहेरच्या नळ्या जास्त तापतात. त्यामुळे दबण्याचा भोग बाहेरच्या बाजूच्या वाट्याला अधिक येतो आणि निवल्यावर तीच बाजू जास्त आखडते. ओली फळी उन्हात टाकली की वरची बाजू आधी वाळून आखडते आणि कडा वर उचलल्या जातात, तसेच येथे होते. मॅनिफोल्डचा मध्य हेडला टेकलेला राहतो आणि दोन्ही टोके हेडपासून सुटू लागतात. त्यात टोकाचा एखादा स्टड आधीच तुटलेला असेल, तर ते टोक धरून ठेवायला काहीच उरत नाही. टर्बोला खालून पेलणारा आधारपट्टा कुणीतरी काढून परत न लावल्यामुळे टर्बोचे सगळे वजन मॅनिफोल्डवर आले असेल, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याने वा ठिणगी उशिरा पडल्याने धूर आणखी तापत असेल, तर बाक लवकर येतो.

दुखण्याची पहिली खूण कानाला कळते. सकाळी गार इंजिन चालू केले की बॉनेटखालून टिकटिक किंवा फटफट ऐकू येते. गाडी तापली की आवाज कमी होतो, कधी अजिबात थांबतो, कारण वाढलेले बीड फट तात्पुरती बुजवते. पुष्कळ मालक या टिकटिकीला टॅपेटचा आवाज समजतात आणि व्हॉल्व्हच्या मागे लागतात. दोन्हींतला फरक कळायला सोपा आहे. टॅपेटचा आवाज सहसा ॲक्सिलरेटरच्या दाबाने बदलत नाही. फटीतून निसटणाऱ्या धुराचा आवाज भार वाढला की वाढतो. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे हेडच्या सांध्याजवळ फिरवले तर नेमके कोणते तोंड गळते तेही समजते. सांध्यापाशी काळ्या काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग दिसला, तर शंका उरत नाही.

टर्बो गाडीत या गळतीची किंमत आवाजापुरती नसते. टर्बोचे चाक फिरते ते धुराच्या जोरावर. तो जोर वाटेतच निसटला तर टर्बो उशिरा जागा होतो आणि गाडी मंद वाटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत धुराच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सर तिला जादा ऑक्सिजन समजतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे बॉनेटखाली साठलेला धूर पंख्याच्या वाटेने गाडीत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. बॉनेटखालून धुराचा वास केबिनमध्ये येत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी चालवू नये.

मॅनिफोल्ड उतरवण्याचे काम पान्याने नव्हे, गंज सोडवणाऱ्या तेलाने सुरू होते. आधी दोन-तीन दिवस रोज संध्याकाळी प्रत्येक नटवर थोडे तेल सोडावे. मध्ये इंजिन एकदा तापवून निवू दिले तर तेल आट्यांत आणखी खोल उतरते. मग पूर्ण गार इंजिनावर बॅटरीची तार सोडवून उष्णतेचे आवरण, हवेच्या नळ्या, टर्बोला तेल नेणारी आणि परत आणणारी नळी, पाण्याने गार होणारा टर्बो असल्यास पाण्याच्या नळ्या आणि खालचा आधारपट्टा काढावा. उघड्या राहिलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडात स्वच्छ फडके किंवा बूच हवे. टर्बोचे चाक मिनिटाला लाखावर फेरे घेते. त्यात खड्याएवढा कण गेला तरी सगळे संपते.

नट हलत नसेल तर लांब दांड्याचा जोर लावण्याचा मोह टाळावा. नट थोडा घट्ट करून मग सैल करावा, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. असा पुढे-मागे खेळवल्यावर बरेच हट्टी नट निघतात. ज्योतीने नट लाल करणे हा जुना उपाय गुणकारी आहे, पण पेट्रोलच्या नळ्या आणि तेलाने ओथंबलेले इंजिन शेजारी असताना तो जाणत्या हातांनीच करावा. इतके करूनही एखादा स्टड तुटतोच. तुटलेला तुकडा हेडच्या बाहेर थोडा डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड आणि ॲल्युमिनियममधली पकड सुटते आणि नटाला पाना लावून तुकडा निघतो. तो हेडच्या आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून डाव्या फेऱ्याच्या ड्रिलने भोक पाडावे लागते. अनेकदा भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. ड्रिल मध्यापासून सरकले तर ॲल्युमिनियम आधी कापले जाते, कारण ते स्टडपेक्षा मऊ असते. असे झाले किंवा जुने आटे गेलेले असले तर भोक मोठे करून त्यात पोलादी तारेची आट्यांची गुंडाळी बसवतात. ती नीट बसली तर मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते. संपूर्ण दुरुस्तीत सर्वाधिक वेळ बहुधा याच पायरीला लागतो, आणि घाई केली तर सर्वाधिक नुकसानही इथेच होते.

उतरवलेला मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशने स्वच्छ करून तपासायचा. हेडला लागणाऱ्या चारही तोंडांवर अचूक सरळपट्टी आडवी धरावी आणि खालच्या फटीत फीलर गेजची पाती घालून पाहावे. किती बाक चालेल हे गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेले असते. ते हाताशी नसेल तर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतची फट गॅस्केट सहसा सांभाळून घेते. त्यापेक्षा जास्त असेल तर तोंडे कापून सपाट करायला हवीत असे धरून चालावे. तीच सरळपट्टी हेडवरही ठेवावी, कारण कधी कधी खोट हेडमध्ये असते. टर्बो जिथे बसतो ती तळपट्टीही विसरू नये.

सपाटपणाआधी मात्र तडे शोधायचे. बिडाच्या चिरा डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्यासाठी पेनिट्रंट रंग मिळतो, पण जुना घरगुती उपायही कामाला येतो. स्वच्छ भागावर रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर ओल्या रेघेसारखे उमटते. टर्बोच्या तळपट्टीजवळ आणि दोन नळ्या जिथे मिळतात त्या काट्यात आधी पाहावे.

तडा गेलेल्या मॅनिफोल्डचे काय करायचे हा निर्णय कामाच्या सगळ्यात अवघड टप्प्यांपैकी एक. बीड वेल्ड होते, पण पोलादासारखे नाही. त्यात कार्बन भरपूर असतो. वेल्डजवळचा भाग झपाट्याने निवला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि शेजारीच नवी चीर पडते. म्हणून चिरेच्या दोन्ही टोकांना आधी लहान भोके पाडून ती थांबवतात, चीर खोबणीसारखी उघडतात, सगळा तुकडा काही शे अंशांपर्यंत तापवतात, निकेलच्या इलेक्ट्रोडने थोडे थोडे वेल्डिंग करतात आणि नंतर राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू देतात. बाहेरच्या कडेवरची लहान चीर अशी दुरुस्त होऊन पुष्कळ वर्षे टिकू शकते. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार गेलेली, किंवा टर्बोच्या तळपट्टीला दुभागणारी चीर वेल्ड करण्यात अर्थ नाही; तो मॅनिफोल्ड बदलावा.

बाक काढण्यासाठी मॅनिफोल्ड प्रेसमध्ये घालून सरळ करण्याचा विचार पहिल्यांदा सुचतो आणि तो चुकीचा आहे. घरातला बिडाचा तवा हातातून पडला तर वाकत नाही, फुटतो. गार बिडाचा स्वभावच तसा आहे. म्हणून बाक सरळ न करता, तोंडांचा उंच राहिलेला भाग कापून सगळी तोंडे एका पातळीत आणतात. हे काम मिलिंग मशीनवर किंवा सरफेस ग्राइंडरवर होते. इंजिनाचे काम करणाऱ्या मशीनशॉपमध्ये हेड फेस करून मिळतात, तिथे मॅनिफोल्डही फेस करता येतो. कारागिराला दोन गोष्टी आधी सांगाव्यात. मॅनिफोल्ड टेबलावर दाबून बांधला तर बाक दाबाने तात्पुरता निघतो, तोंडे त्या अवस्थेत सपाट होतात आणि क्लॅम्प सोडताच पुन्हा वाकतात. म्हणून त्याच्याखाली शिम देऊन त्याला आहे तसाच, ताण न देता धरायला हवे. आणि कापायचे ते अगदी कमी, शेवटच्या खळग्याचा ठसा पुसला जाईपर्यंतच. मशीन मिळत नसेल तर जाड काच सपाट टेबलावर ठेवून त्यावर पॉलिश पेपर पसरून तोंडे घासता येतात. निळा रंग लावून उंच जागा शोधायच्या आणि कानशीने उतरवायच्या. संयम असेल तर हाताने केलेले कामही गळत नाही.

वर्षानुवर्षे तापलेल्या बिडात ताण साठलेले असतात. वेल्डिंग झाले असेल तर त्यात आणखी भर पडते. म्हणून शेवटचा काप घेण्याआधी मॅनिफोल्ड भट्टीत ५५० ते ६०० अंशांवर काही तास ठेवून भट्टीतच सावकाश निवू देणे फायद्याचे असते. हे न करता कापलेला मॅनिफोल्ड पहिल्याच लांब प्रवासात पुन्हा हलू शकतो. खर्च वाचवण्यासाठी ही पायरी गाळली जाते आणि मग दोष गॅस्केटला दिला जातो.

इथपर्यंत दुरुस्ती अर्धीच झालेली असते, आणि बहुतेक गॅरेजमध्ये ती इथेच थांबते. तोंडे सपाट झाली, पण मॅनिफोल्ड का वाकला, याचे उत्तर बाकीच राहिले. त्याला सरकायला जागा नव्हती. तीच जागा आता करून द्यायची आहे. मधली भोके आहेत तशी ठेवून टोकांकडची भोके लांबीच्या दिशेने कानशीने लांबट करतात. आत सरकलेली भोकेही त्यातच मूळ जागी येतात. लांब स्टड घेऊन नटाखाली जाड बुश घातली तर ताण पडल्यावर लांब स्टड थोडा लवचिक राहतो, तुटत नाही. काही जण तोंडांना एकमेकांशी जोडणारी बिडाची पट्टी करवतीने मधोमध कापतात, म्हणजे प्रत्येक तोंड आपापले सरकू शकते. पट्टी नुसती आधाराची असेल तर हा उपाय रास्त आहे. ती नळ्यांचे वजन पेलत असेल तर तिला हात लावू नये.

बसवताना हेडची तोंडे स्वच्छ आणि कोरडी हवीत. जुने स्टड परत वापरू नयेत. दिसायला चांगले असले तरी ते शेकडो वेळा वाकलेले असतात. नव्या स्टडवर निकेलचे अँटी-सीझ ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या खेपेला नट निघतील. गॅस्केट पोलादी थरांचे, प्रत्येक तोंडाला वेगळे असेल तर उत्तम. सिलिकॉनची पेस्ट येथे जळून जाते, तिचा काही उपयोग नाही. नट मधून सुरू करून दोन्ही बाजूंना आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. टोकांचे नट जास्त आवळले तर गळती थांबेल असा समज आहे. प्रत्यक्षात जास्त आवळल्याने टोकांचे सरकणे थांबते आणि स्टड तुटण्याची वेळ जवळ येते.

टर्बोचा आधारपट्टा सगळ्यात शेवटी लावायचा, कारण तोंडे कापल्यामुळे टर्बो हेडकडे थोडा सरकलेला असतो. पट्ट्याची भोके जमत नसतील तर बोल्टने ओढून आणू नये. ती ओढ सतत मॅनिफोल्डला वाकवत राहते. भोक लांबट करावे किंवा शिम द्यावा. इंजिन चालू करण्याआधी ठिणगी आणि पेट्रोल बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत ते स्टार्टरने फिरवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला कोरडे फिरावे लागत नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर तेलाचा आणि ग्रीसचा थोडा धूर निघतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही. गाडी दोन-तीनदा पूर्ण तापून निवली की गार इंजिनावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

नव्या मॅनिफोल्डचा पर्याय जुन्या गाडीसाठी सोपा नसतो. साब कंपनीचे दिवाळे डिसेंबर २०११ मध्ये निघाले. जुन्या ९०० चे भाग अजून मिळतात, पण प्रत्येकाची प्रत सारखी नसते. नवे ओतकाम करायचे असेल तर धातू निवडताना विचार करावा. साध्या करड्या बिडापेक्षा सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम असलेले गोलाकार ग्रॅफाइटचे बीड उष्णता चांगले सोसते. त्याहून जास्त तापमानासाठी निकेलचे प्रमाण भरपूर असलेले बीड वापरतात, पण ते जास्त वाढते, म्हणून भोकांत जागाही जास्त सोडावी लागते. मोटारींचे भाग ओतणाऱ्या कोल्हापूरच्या ओतशाळांतले कारागीर हे फरक जाणतात. एखाद-दुसऱ्या नगासाठी साचा करणे मात्र महाग पडते. स्टेनलेस पोलादाच्या नळ्या वेल्ड करून केलेला मॅनिफोल्ड देखणा असतो, पण टर्बोला स्वतंत्र आधार नसेल तर त्याच्या वेल्डजवळ चिरा पडतात.

दुरुस्तीनंतर बिडाच्या मॅनिफोल्डवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नये. पट्टीमुळे बॉनेटखाली गार वाटते, पण अडवलेली उष्णता बिडातच कोंडते आणि ज्या कारणाने तो वाकला तेच कारण वाढते. मूळ पत्र्याचे आवरण मात्र परत लावावे. त्याच्या आणि बिडाच्या मध्ये हवा खेळती राहते. ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे मिश्रण तपासून घ्यावे. आणि दरवर्षी एकदा, गार इंजिनावर, दोन्ही टोकांचे नट बोटांनी चाचपून पाहावेत. या इंजिनांत पहिला स्टड तुटतो तो बहुतेक वेळा टोकाचाच.